कोजागिरीला गच्चीवर बसायचंय, पण मच्छरांचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नागपूरच्या मनीषनगर भागातल्या एका चार मजली इमारतीतल्या वाचक लिहितात की, दरवर्षीप्रमाणे यंदाही कोजागिरीला सगळे गच्चीवर जमणार आहेत. चाळीसेक माणसं, त्यात दम्याचा त्रास असलेल्या त्यांच्या सासूबाई, सहा वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा भाचा. संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणायला मुली पार्किंगमध्ये बसतात आणि वर येतात तेव्हा पोटऱ्यांवर लाल गांधी उठलेल्या असतात. सोसायटीच्या सचिवांचं म्हणणं, त्या दिवशी दुपारी फॉगिंगवाला बोलवू. जाऊबाई म्हणतात, कडुनिंबाचा धूर करू. पत्रलेखिकेला रसायन नको आहे. त्यांनी सिट्रोनेलाचं तेल आणि गवती चहाच्या पाच कुंड्या आणल्या. तेलाचे थेंब मुलीच्या पायांना लावले तर पुरळ उठलं. मच्छर समोरच्या रिकाम्या प्लॉटमधून येतात, तो साफ होत नाही, आणि या विषयावर बोललं की लोक भांडखोर म्हणतात, असंही त्या लिहितात. प्रश्न असा: मच्छर नैसर्गिक मार्गाने दूर ठेवता येतात का, आणि कसे?

ताई, नमस्कार.

आधी मुलीच्या पुरळाचं. तिथे अजून तेल राहिलं असेल तर नुसत्या पाण्याने ते निघत नाही. साध्या खोबरेल तेलाचा बोळा फिरवा, मग सौम्य साबणाने धुवा आणि दोन-तीन दिवस त्या जागी काही लावू नका. फोड आले किंवा लाली पसरत गेली तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. हे तेल तिच्या अंगाला पुन्हा लावू नका, पातळ करूनसुद्धा नाही. एकदा अशी प्रतिक्रिया आली की पुढच्या वेळी ती कमी तेलानेही येऊ शकते.

आता मूळ प्रश्न. तुमची सगळी काळजी गच्चीवरच्या एका रात्रीची आहे. आम्हाला मात्र भुलाबाईची ओळ जास्त महत्त्वाची वाटते. संध्याकाळी पाच ते साडेसहाच्या दरम्यान, पार्किंगच्या सावलीत, गुडघ्याखाली चावणारा मच्छर बहुतेक वेळा एडिस असतो. अंगापायांवर पांढरे पट्टे असलेला, काळा, लहान चणीचा. डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा हाच. तो सकाळी सूर्य वर आल्यावर दोन-तीन तास आणि मावळतीच्या आधीचे दोन-तीन तास जास्त चावतो. ऑक्टोबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे भुलाबाईची वेळ नेमकी त्याची वेळ. रात्री नऊनंतर गच्चीवर येतो तो मुख्यतः क्युलेक्स. करडा-तपकिरी, कानाशी गुणगुणणारा, घाण पाण्यात वाढणारा, हत्तीरोग पसरवणारा. दोघांची जागा वेगळी, वेळ वेगळी, म्हणून उपायही वेगळे. भुलाबाई साडेसातला बसवता आली तर एका पैशाचाही खर्च न करता मुलींना एडिसचे बरेच चावे कमी बसतील. शाळेचा अभ्यास आधी उरकून घ्यायला आयांचीही ना नसावी.

रिकाम्या प्लॉटबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी साचलेला प्लॉट क्युलेक्सचं घर असतो, आणि क्युलेक्स किलोमीटरभर सहज उडत येतो. महापालिकेकडे लेखी तक्रार जरूर करा. पण एडिस असा लांबून येत नाही. जन्मल्या जागेपासून शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य जातं, आणि त्याला गढूळ डबकं नको असतं, तुलनेने स्वच्छ साचलेलं पाणी हवं असतं. तेव्हा मुलीच्या पायाला चावणारा मच्छर तुमच्याच आवारात, नाहीतर शेजारच्या इमारतीत जन्मलेला असतो. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण यातच सोय आहे: प्लॉटमालक कधी दाद देईल ते आपल्या हातात नाही, आवार आपल्या हातात आहे.

नागपुरात आवारातलं पाणी म्हटलं की पहिला संशय कूलरवर घ्यायचा. मार्च ते जून तो चालतो, मृग लागला की बंद होतो, आणि मग दिवाळीपर्यंत बाल्कनीच्या ग्रिलवर तसाच उभा राहतो. टाकीतलं पाणी काढलं असं सगळेच सांगतात. तळाचं बूच काढून पाणी सोडलेलंही असतं. पण पत्र्याचा तळ कुठे ना कुठे दबलेला असतो, तिथे बोटभर पाणी राहतंच. वर प्लॅस्टिक झाकलेलं असेल तर त्याच्या खोलगटातही पावसाचं पाणी साचतं. टॉर्च घेऊन वाका आणि प्रकाश तिरका टाका. पाण्यात वळवळ करत वर येणाऱ्या, सावली पडली की झटकन तळाशी जाणाऱ्या अळ्या दिसतील. स्वल्पविरामाच्या आकाराचे, गडद रंगाचे कोष दिसले तर समजा, दोन दिवसांत त्यांतून मच्छर उडणार आहेत. अंड्यातून उडणारा मच्छर होईपर्यंत उन्हाळी-पावसाळी हवेत सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात तो याच हिशेबाने.

पण पाणी ओतून टाकलं म्हणजे झालं, ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. एडिस पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवतो. पत्र्यावर काजळीचे बारीक ठिपके पडल्यासारखी ती दिसतात, पाण्याने धुतली तरी सुटत नाहीत, आणि कोरडी राहून कित्येक महिने जिवंत असतात. ऑक्टोबरचा उकाडा वाढला की दोन-चार दिवस कूलर पुन्हा लावला जातो, टाकी भरली जाते, पाणी त्या ठिपक्यांपर्यंत चढतं आणि सगळी अंडी एकदम फुटतात. ‘परवाच तर स्वच्छ पाणी भरलं, त्यात अळ्या कुठून आल्या?’ याचं उत्तर हेच.

म्हणून घासायला हवं. पंप आणि ताट्या बाहेर काढा. टाकी तिरकी करून उरलेलं पाणी ओता, पण नालीत नाही. नालीच्या पाण्यात अळ्या तगू शकतात. उन्हातल्या कोरड्या मातीवर किंवा तापलेल्या गच्चीवर ओतल्या की थोड्याच वेळात मरतात. मग कपडे धुण्याची पावडर आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन चारही भिंती, पाण्याच्या खुणेच्या वर चार-पाच इंचांपर्यंत, जोर लावून घासा. कोपरे आणि पत्र्याचे सांधे विसरू नका. कोरड्या फडक्याने तळ पुसा. वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्या दोन दिवस कडक उन्हात ठेवा. कुजलेल्या असतील तर फेकूनच द्या. बूच उघडंच ठेवा आणि एका बाजूला वीट लावून टाकी तिरपी उभी करा. एका कूलरला अर्धा तास पुरतो. चोवीस फ्लॅटच्या इमारतीत वीसेक कूलर असतीलच. दोन रविवारांचं काम आहे.

कूलर झाले की गच्चीवर जा. पाण्याच्या टाक्यांची झाकणं उन्हाने तडकलेली असतात, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नसते. पावसाचं पाणी जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी पिंपळाची पानं अडकून थाळीभर पाणी थांबलेलं असतं. जुने टायर, रंगाचे डबे, नारळाच्या करवंट्या यांचं सांगायला नको. सहज नजरेआड होणाऱ्या जागा तीन: फ्रिजच्या मागचा पाणी साचणारा ट्रे, मनी प्लांटची बाटली आणि पाखरांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं. पाखरांचं पाणी बंद करू नका, फक्त दर दोन-तीन दिवसांनी काथ्याने घासून नव्याने भरा. आणि ताई, तुमच्या गवती चहाच्या कुंड्यांखालच्या ताटल्याही बघा. मच्छर पळवायला आणलेल्या कुंडीच्या ताटलीतच मच्छर वाढताना पुष्कळदा सापडतात. ताटल्या काढून टाका किंवा त्यात काठोकाठ वाळू भरा.

तुमच्या भागात अजून सेप्टिक टँक असेल तर त्याच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला नायलॉनची जाळी किंवा जुन्या मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा तारेने घट्ट बांधा. क्युलेक्स तिथून थव्याने बाहेर पडतो. हे पाच मिनिटांचं काम असून बहुतेक इमारतींमध्ये ते झालेलं नसतं. कमळाचं टब किंवा वापरात नसलेली विहीर असेल तर गप्पी मासे सोडा, महापालिकेच्या हिवताप-हत्तीरोग विभागाकडे विचारा. मात्र हे मासे फुटाळा, अंबाझरी किंवा कोणत्याही नदी-तलावात नेऊन सोडू नका. ते बाहेरचे आहेत आणि तिथल्या देशी माशांचं अन्न आणि जागा घेतात.

आता फॉगिंग. सचिवांचा हेतू चांगला आहे, पण फॉगिंगने फक्त त्या घटकेला उडत असलेले मच्छर मरतात. अळ्या आणि अंड्यांना काही होत नाही, आणि दुपारी फवारलं तर क्युलेक्स तेव्हा आडोशाला, फटींत, गाड्यांखाली बसलेला असतो. उघड्या गच्चीवरचा धूर वाऱ्याने काही मिनिटांत जातो. इमारतीत डेंग्यूचा रुग्ण निघाला तर महापालिकेकडून होणाऱ्या फॉगिंगला अर्थ आहे, कारण तेव्हा विषाणू घेऊन फिरणारे मच्छर चटकन कमी करायचे असतात. समारंभाआधी स्वतःच्या पैशाने करून घेतलेल्या फॉगिंगमधून मुख्यतः धुराचा वास मिळतो, आणि तुमच्या सासूबाईंना त्याने दम लागू शकतो.

जाऊबाईंचा कडुनिंबाचा धूर याहून बरा का? मच्छरांपुरतं बोलायचं तर धुराच्या अगदी जवळ बसलेल्याला थोडा आराम पडतो, हे खरं. वारा फिरला की धूर एकीकडे आणि माणसं दुसरीकडे. शिवाय श्वासनलिकेला पान कडुनिंबाचं आहे की आणखी कशाचं, याने फरक पडत नाही. धुरातले बारीक कण सारखेच आत जातात. कॉइलच्या धुराचं मोजमाप झालेलं आहे: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे निघाले. दम्याचं माणूस आणि दीड वर्षाचं बाळ असलेल्या जागी कोणताच धूर नको. जाऊबाईंचा मान राखायचा असेल तर माणसं जमायच्या तासभर आधी, वाऱ्याच्या उताराच्या कोपऱ्यात धूप करा आणि पूर्ण विझवून मगच सतरंज्या अंथरा. ‘हर्बल’ म्हणून मिळणाऱ्या मच्छर अगरबत्त्यांबाबत तर जास्तच सावध राहा. पाकिटावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि घटकांची नावं नसतील तर आत काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही, आणि नेमका अशाच अगरबत्त्यांचा धूर नैसर्गिक समजून बाळाच्या पाळण्याशेजारी लावला जातो.

इथे तुमच्या पत्रातल्या मुख्य समजुतीकडे येतो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक आणि रसायन म्हणजे विष, अशी सरळ विभागणी करता येत नाही. सिट्रोनेलाचं तेल नैसर्गिकच होतं, तरी मुलीचे पाय लाल झाले. शुद्ध सुगंधी तेल थेट कातडीवर लावलं की असं होतं. कापूर लहान मुलाने तोंडात घातला तर झटके येऊ शकतात. कडुनिंबाचं तेल पोटात गेल्याने बाळं गंभीर आजारी पडल्याची उदाहरणं आहेत. लिंबू चोळून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. म्हणून ‘हे कुठून आलं’ यापेक्षा ‘किती लावलं, कुठे लावलं, कुणाला लावलं’ हे विचारा.

मोठ्यांसाठी तेल करायचंच असेल तर ते असं. ५० मिली तिळाच्या किंवा खोबरेल तेलात १ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली सिट्रोनेला, म्हणजे प्रत्येकी सुमारे दोन टक्के. मिली मोजायला औषधाच्या बाटलीबरोबर येणारी खुणांची सिरिंज घ्या. थेंब लहान-मोठे पडतात, त्यांचा भरवसा नाही. काचेच्या गडद बाटलीत भरून हलवा. कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं लावून एक पूर्ण दिवस थांबा, काही झालं नाही तरच वापरा. चेहऱ्याला लावू नका. पाण्यात थेंब टाकून फवारा करण्याची जी कृती सर्रास सांगतात ती टाळा. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. मग पहिले चार फवारे नुसत्या पाण्याचे येतात आणि शेवटी शुद्ध तेल अंगावर पडतं. खोबरेल थंडीत गोठतं, म्हणून डिसेंबरातल्या हुरडा पार्ट्यांसाठी तिळाचं बरं. जवसाचं तेल मात्र घेऊ नका, ते वाळून चिकट पापुद्रा धरतं.

हे तेल किती वेळ काम करतं? सिट्रोनेला भराभर उडून जातं, त्यामुळे घामाच्या अंगावर अर्धा-पाऊण तास, फार तर तासभर धरा आणि पुन्हा लावा. कडुनिंबाचं तेल जास्त टिकतं, पण मलेरियाच्या ॲनोफिलीसवर त्याचा परिणाम जितका चांगला दिसतो तितका एडिसवर दिसत नाही. निलगिरीच्या बाबतीतही एक गफलत होते. किराणा दुकानातलं निलगिरी तेल सर्दीसाठीचं आहे, मच्छरांवर ते फिकं पडतं. मच्छरांवर चालतो तो लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेला पीएमडी हा घटक. तो योग्य प्रमाणात असलेलं, नोंदणी क्रमांक छापलेलं मलम किंवा फवारा मिळाला तर वनस्पतीजन्य पर्यायांत तो सर्वांत भरवशाचा. पण तीन वर्षांखालच्या मुलांना तोही लावायचा नाही. म्हणजे भाच्याला नाही.

तुमच्या गवती चहाच्या कुंड्यांनी हवेत पुरेसा वास सुटत नाही; पान चुरगळल्याशिवाय त्यातलं तेल बाहेर येत नाही. तुळस आणि झेंडूचंही तेच. झाडं छान आहेत, ठेवा, चहात घाला. सिट्रोनेलाच्या मेणबत्त्यांचा उघड्यावर जाणवण्याजोगा फरक पडत नाही. मोबाइलवरचे आवाजाचे ॲप आणि निळ्या दिव्याची जाळी यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेत १९९६ मध्ये अशा दिव्यांत मेलेले १३,७८९ कीटक मोजले गेले तेव्हा त्यांत चावणारे फक्त ३१ होते; बाकीचे निरुपद्रवी किंवा उपयोगाचे कीटक.

मग गच्चीवर नेमकं काय चालतं? वारा. मच्छर ताशी दीड-दोन किलोमीटरच्या वेगाने उडतो, म्हणजे आपल्या चालण्याहूनही कमी. स्टँडच्या पंख्याच्या झोतात त्याला नीट उडता येत नाही, अंगावर उतरता येत नाही. दुसरं असं की, तो माणसाला शोधतो ते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि घामाच्या वासाच्या मागावर, आणि वारा तो माग विस्कटून टाकतो. पंख्याचा उपाय इतका साधा आहे की लोक त्याला उपाय मानतच नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चाळीस माणसांसाठी सोळा इंची चार पंखे लागतील. ते घराघरांतून जमतील. गच्चीवर वारा कोणत्या बाजूने येतोय ते पाहून त्याच बाजूला पंखे ओळीत लावा, समोरासमोर नाही. समोरासमोर लावले तर मध्ये वारा मरतो आणि मच्छर तिथेच जमतात. स्टँड सर्वांत खाली उतरवा आणि डोकं किंचित खाली झुकवा, कारण सतरंजीवर बसलेल्या माणसाचे पाय आणि कंबर झोतात यायला हवेत. डोक्यावरून वारा गेला तर गार वाटतं, पण घोटे फुटून निघतात. पंखे फिरते ठेवू नका. तो दुसरीकडे वळतो तेवढ्या वेळात मच्छराला बसायला फावतं. दोन पंख्यांमध्ये आठ-दहा फुटांपेक्षा जास्त अंतर नको आणि माणसं पंख्यापासून दहा-बारा फुटांच्या आत बसू द्या. सासूबाई आणि भाचा यांना मधल्या जागेत बसवा. झोत सरळ तोंडावर नको, पायांवर हवा.

दोन गोष्टी बिघडतात. एक, दुधाची कढई. पंख्याच्या झोतात गॅसची शेगडी फडफडते आणि विझून गॅस सुटत राहू शकतो. दूध खाली कुणाच्या तरी स्वयंपाकघरातच आटवून वर आणा, नाहीतर शेगडी पंख्यांच्या मागे, जिन्याच्या खोलीच्या आडोशाला ठेवा. दोन, वायरी. रात्री दव पडतं आणि अंधारात लोक वायरीत अडकतात. तीन पिनांचे एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, ते जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा खुर्चीवर ठेवा, वायर कठड्याच्या कडेने न्या, आणि चारही पंखे एकाच बोर्डला लावण्यापेक्षा दोन वेगळ्या लायनींवर वाटून द्या. दिवा पिवळसर लावा आणि तो बसायच्या जागेपासून लांब, जिन्याच्या दाराशी. पिवळ्या दिव्यावर किडे कमी येतात, आणि कोजागिरीला फार उजेड तसाही नको असतो.

कपडे हा दुसरा भरवशाचा उपाय. पूर्ण बाह्या, घोट्यापर्यंत सैल पायजमा किंवा सलवार, पायात मोजे. सैल हा शब्द महत्त्वाचा, कारण अंगाला चिकटलेल्या लेगिंग्जमधून मच्छर आरामात चावतो. एडिसला काळा, लाल, नारंगी हे रंग खेचतात, पांढरा खेचत नाही. कोजागिरीला पांढरं किंवा फिकं नेसायला कुणाची हरकत नसावी. भाच्यासाठी तेल, मलम काहीच नको. त्याला लांब कपडे घाला आणि झोपला की छत्रीसारखी उघडणारी बाळाची मच्छरदाणी लावा. जाळी बारीक असावी, चौरस इंचात निदान १५६ छिद्रांची. बाळाचा हात जाळीला टेकणार नाही एवढी ती मोठी हवी, कारण टेकलेल्या जागी बाहेरूनच चावा बसतो.

इमारतीत किंवा गल्लीत डेंग्यूचा रुग्ण असेल तर मात्र ‘फक्त नैसर्गिक’ हा हट्ट सोडा, असं आम्ही कळकळीने सांगतो. डीट किंवा पिकारिडिन हे मच्छर दूर ठेवणारं रसायन असलेलं नोंदणीकृत मलम मुलीच्या पायांना आणि हातांना, पाकिटावर वयासाठी सांगितल्याप्रमाणेच, मोठ्यांनी आपल्या तळहातावर घेऊन लावावं. तिच्या तळहातांना, डोळ्यांजवळ, पुरळ असलेल्या जागी नाही. झोपण्याआधी साबणाने धुवावं. काही तासांचं मलम आणि डेंग्यूचा ताप, यांत मलमाचा धोका कितीतरी कमी आहे. आणि घरात कुणाला अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं असं झालं तर पॅरासिटामॉलखेरीज दुसरं वेदनाशामक मनाने देऊ नका. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ताप उतरतो ते पुढचे एक-दोन दिवस तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे असतात.

राहिला प्रश्न भांडखोर ठरण्याचा. आजवर बहुधा तुम्ही ‘फॉगिंग नको’, ‘धूर नको’ असं बोलत आलात, आणि नकार ऐकणाऱ्याला तो आपल्यावरचा आरोप वाटतो. या वेळी काम मागा. सचिवांना म्हणा, फॉगिंगचे पैसे दोन ब्रश, जाळी, तार आणि दोन एक्स्टेन्शन बोर्डांना वापरू. जाऊबाईंना बाळाच्या मच्छरदाणीचं आणि सासूबाईंच्या जागेचं बघायला सांगा. कूलर तपासायला मुलांनाच टॉर्च देऊन पाठवा; आपल्या घरात अळ्या निघाल्या असं शेजारणीने सांगितलं तर राग येतो, भुलाबाईच्या मुलींनी सांगितलं तर लोक हसत हसत ब्रश हातात घेतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडणारी हीच मुलं आहेत, त्यांना हे काम जमेल. सुरुवात कोजागिरीच्या तीन आठवडे आधी करा, कारण आज उडणारा मच्छर पुढचे दोन-तीन आठवडे जगू शकतो. तेवढे दिवस हाती नसतील तरी पंखे आणि कपडे त्या रात्रीपुरते पुरतात.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला मजकूर देतो, हवा तसा बदलून घ्या:

‘नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ८ ते १० सगळे कूलर, टाक्यांची झाकणं आणि कुंड्यांच्या ताटल्या तपासून घासायच्या आहेत. ब्रश आणि पावडर जिन्याखाली ठेवली आहे. कूलरचं पाणी नालीत न ओतता गच्चीवर उन्हात ओतावं. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी कळवावं, आम्ही येऊ. पुढच्या रविवारी पुन्हा एक फेरी. कोजागिरीसाठी सोळा इंची स्टँडचे चार पंखे हवे आहेत, कोण देणार ते कृपया खाली लिहावं. गच्चीवर येताना पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घालावेत. त्या दिवशी कॉइल आणि धूर करू नये, आपल्यात दम्याचे रुग्ण आणि लहान बाळ आहे. भुलाबाई उद्यापासून संध्याकाळी ७.३० ला.’